काचेची बेकिंग डिश: रात्री लावून ठेवा, सकाळी भाजा (सांगलीतून सात महिन्यांचा अनुभव)

दिवाळीनंतर घेतलेली ही डिश, सात महिने झाले, म्हणून आता लिहायला बसले. पहिल्या आठवड्यात सगळ्याच वस्तू चांगल्या वाटतात, त्यामुळे तेव्हा मुद्दाम लिहिलं नव्हतं. बोरोसिलिकेट, म्हणजे ओव्हनची उष्णता सोसणाऱ्या काचेची, आयताकृती, दोन लिटरच्या थोडी वर, दोन्ही बाजूंना काचेचेच छोटे कान आणि वर प्लॅस्टिकचं झाकण. साडेआठशेला पडली. अशा डिश तीन-चार कंपन्या काढतात आणि माझ्या मैत्रिणींकडे वेगवेगळ्या आहेत, त्यामुळे हे लिहिलंय ते एका कंपनीपुरतं नाही, या प्रकारच्या भांड्याबद्दल आहे. मी ती बहुतेक वेळा एकाच कामाला वापरते. शनिवारी रात्री पाव, अंडी, दूध, भाज्या, चीज असं सगळं थर लावून फ्रिजमध्ये ठेवायचं आणि रविवारी सकाळी ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, भाजायचं. एग कॅसरोल म्हणतात त्याला, आमच्याकडे पोरांनी अंड्याचा केक असं नाव पाडलंय आणि तेच चालू आहे.

एवढा खटाटोप कशासाठी ते आधी सांगते. आमच्या वन्सं कोल्हापूरला, महिन्यातून दोन रविवार तरी सगळे इकडे येतात, म्हणजे आम्ही चौघं आणि ते पाच, नऊ माणसं. आधी मी ऑम्लेट-पाव करायचे. नऊ माणसांचं ऑम्लेट म्हणजे सव्वा तास तव्यापुढे उभं राहायचं, पहिल्याचं खाऊन हात धुऊन होतो तेव्हा शेवटच्याचं तव्यावर पडतं, आणि गप्पा सगळ्या बाहेरच्या खोलीत चाललेल्या, आपल्याला नुसतं हसणं ऐकू येतं. एकदा वन्सं स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "वैनी, आम्ही खायला येतो का तुम्हाला भेटायला येतो?" ते मनाला लागलं. मग शोधायला लागले की आदल्या दिवशी करून ठेवता येईल, सकाळी फक्त गरम करायचं असं काय आहे, आणि तिथून हे कॅसरोल सापडलं.

डिश घ्यायला गणपती पेठेत गेले. दुकानात कॅसरोल म्हटलं तर त्यांनी लगेच पोळ्यांचा डबा काढून समोर ठेवला, त्यांचंही बरोबर आहे, आपल्याकडे कॅसरोल म्हणजे तोच. मग ओव्हनला चालणारी काच असं सांगितल्यावर माळ्यावरनं तीन खोकी खाली आली. मी आपली मोठी तीन लिटरची उचलली, नऊ माणसं आहेत म्हणून, आणि घरी येऊन ओटीजीत घातली तर दारच लागेना. माझा ओटीजी अठ्ठावीस लिटरचा, डिशचा मधला भाग आरामात बसत होता पण कान दाराच्या काचेला टेकत होते. हे खोक्यावर वाचून कळत नाही, कारण तिथे लिटर लिहिलेले असतात, आणि लांबी लिहिली असली तरी ती कानांसकट की कानांशिवाय ते कळायला मार्ग नाही. दुकानदारांनी काही न बोलता दुसऱ्या दिवशी बदलून दिली, फक्त खोकं जपून आणा म्हणाले. तर घ्यायला जाताना ओटीजीची आतली रुंदी आणि मागच्या भिंतीपासून दारापर्यंतची खोली टेपनं मोजून कागदावर लिहून न्या, आणि चारी बाजूंनी दोन बोटं जागा सोडून डिश घ्या. गरम हवेला फिरायला जागा लागते, आणि हातमोजा घातलेला हात आत जाऊन कान धरू शकला पाहिजे. सांडशीनं काच धरायचा प्रयत्नसुद्धा करू नका, निसटते.

आता काच का, ॲल्युमिनियमचा केकचा डबा का नाही. माझ्याकडे डबा होता, दोनदा त्यात केलंही. पण टोमॅटो आणि मीठ घातलेलं मिश्रण रात्रभर ॲल्युमिनियममध्ये ठेवायला मला आवडत नाही, आंबट पदार्थ त्या धातूला लागतो आणि चवीत फरक पडतो. म्हणजे मग रात्री स्टीलच्या पातेल्यात ठेवा, सकाळी डब्यात ओता, ओतताना सगळे थर मोडतात, आणि सकाळचं काम होतं तेवढंच राहतं. काचेच्या डिशमध्ये लावलं, झाकण लावलं, फ्रिज, सकाळी झाकण काढलं, ओव्हन, तिथून थेट टेबल. एकच भांडं. ही एक गोष्ट म्हणजेच माझ्यासाठी या डिशची सगळी किंमत आहे.

दुसरं म्हणजे बाजूनं आतलं दिसतं. हे मला वापरायला लागल्यावर कळलं. अंड्याचा पदार्थ वरून झालेला दिसतो आणि मधे कच्चा असतो, हे नेहमीचं दुखणं. काचेतून बाजूचा थर दिसतो. सुरुवातीला दूध आणि अंडं पावाच्या फटींतून वर-खाली हलताना दिसतं, बारीक बुडबुडे येतात, मग कडेनं ते हळूहळू पांढरट होऊन थांबतं आणि खालच्या कोपऱ्यात बदामी रंग चढायला लागतो. तो रंग आला की मी मधे सुरी घालून बघते, सुरी ओली आली पण तिच्यावर दूध ओघळत नसेल तर झालं. सुरुवातीचे चार-पाच वेळा मी स्वयंपाकाचा थर्मामीटरही वापरला, मधोमध किमान ७१ अंश सेल्सिअस झालं पाहिजे असा अमेरिकेतल्या सरकारी अन्नसुरक्षेचा नियम आहे, म्हणजे अंड्यातले जंतू मरतात. आता डोळ्यांना सवय झालीय.

जास्त भाजू नका मात्र. अंड्याचा पांढरा भाग साधारण ६२-६३ अंशांना घट्ट व्हायला लागतो, पिवळा ६५ ते ७० ला, आणि भरपूर दूध मिसळलं की ते मिश्रण धरायला ८० च्या आसपास यावं लागतं. त्याच्या बरंच पुढे गेलं की अंडं आवळून येतं आणि आतलं पाणी बाहेर टाकतं, मग कापल्यावर तळाशी पाण्याचं तळं आणि वर रबरासारखी वडी. माझं तिसऱ्या वेळी असंच झालं होतं, सगळ्यांनी निमूटपणे खाल्लं पण मला कळत होतं. आणि काच उशिरा तापते पण तापली की बराच वेळ गरम राहते, त्यामुळे बाहेर काढल्यावरही आत शिजणं चालूच असतं. म्हणून मधला भाग अगदी थोडा हलतोय तोवरच काढायची आणि दहा मिनिटं हात लावायचा नाही. पातळ डब्यापेक्षा हिला पाच-दहा मिनिटं जास्त लागतात, तेवढा हिशोब धरा.

माझं प्रमाण असं आहे, दोन लिटरच्या डिशला. आठ अंडी, दोन कप दूध, आठ पाव, शंभर ग्रॅम चीज, दोन कांदे, एक मोठी ढबू, दोन टोमॅटो, मिरी, कोथिंबीर, मीठ सपाट एक चमचा. आणि एक चमचा आमची घरची चटणी. पुण्या-मुंबईच्या लोकांसाठी सांगते, सांगलीकडे चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला, वर्षाचा एकदम करतात तो. ती दुधातच कालवायची म्हणजे सगळीकडे सारखी लागते. परदेशी पद्धतीत ह्यात मोहरीची पूड वगैरे घालतात, मी एकदा घातली, पण चटणीनं जी चव आली ती वेगळीच, आता ती सोडून काही नाही. हळद घालायची तर चिमटीएवढीच, दुधात जास्त झाली की कडवट लागते.

पाव आदल्या दिवशीचा हवा. शिळा म्हणजे खराब नव्हे, कोरडा. ताजा मऊ लादीपाव घातला तर तो दुधात विरघळून लगदा होतो, कोरडा पाव दूध पितो आणि आपला आकार धरून राहतो. मी शनिवारी दुपारीच पाव हातानं तोडून परातीत पसरून पंख्याखाली ठेवते, पावसाळी हवा असेल तर ओटीजीत १०० अंशांवर दहा मिनिटं. एकदा पाव मिळाला नाही म्हणून बेकरीतले टोस्ट घातले होते, गोड लागलं, नको ते.

भाज्यांचं मात्र मनापासून सांगते, परतल्याशिवाय घालू नका. कच्चा कांदा, कच्ची ढबू, टोमॅटोच्या बिया, ह्यांना मीठ लागलं की रात्रभर पाणी सुटतं आणि सकाळी ते सगळं पाणी अंड्यात. कांदा नीट गुलाबी करायचा, ढबूचं पाणी आटवायचं, टोमॅटोचा गर काढून टाकायचा (फेकू नका, आमटीत घाला), मशरूम असतील तर ते कढईत कोरडे होईपर्यंत. आणि सगळं पूर्ण गार झाल्यावरच डिशमध्ये, नाहीतर अंडं कडेनं धरायला लागतं.

आता शनिवारचा प्रश्न. आमच्याकडे शनिवारी अंडं चालत नाही, मारुतीचा वार, आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, अंडं खातच नाहीत कधी. पहिल्यांदा मी शनिवारी रात्री अंड्यांचा ट्रे काढला तर त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, शनिवार आहे आज." मग मी नको म्हटलं. त्या वेळी भाज्या आणि पाव रात्री लावून ठेवले आणि रविवारी सहाला उठून अंडी-दूध फेटून ओतलं, दोन तास मुरवलं. झालं, खाता आलं, पण पावाच्या मधल्या तुकड्यात दूध पोचलंच नव्हतं, चावताना कोरडा पाव लागत होता. असं दोन-तीन रविवार केलं. मग एका शनिवारी रात्री आईच म्हणाल्या, "तुला खायचंय उद्याच ना, मग मागच्या गॅलरीत बसून फोडून घे आणि झाकण लावून टाक, कशाला पहाटे उठतेस." त्या दिवसापासून अंडी मागच्या गॅलरीत, त्याचं पातेलं आणि चमचा वेगळा. आणि आठ-दहा तास मुरलेलं कॅसरोल कापल्यावर जे दिसतं ते दोन तासांत येतच नाही, पाव आणि अंडं वेगळं ओळखू येत नाही, एकसारखं मऊ, वर मात्र कुरकुरीत.

याच आईंमुळे मला या डिशचा एक गुण आणि एक दोष दोन्ही कळले. एकदा धुऊन पालथी घातलेली डिश त्यांनी उचलली, नाकाजवळ नेली, म्हणाल्या, "हिला वास नाही गं." मग झाकण उचललं, त्याच्या कडेच्या रबरावरून बोट फिरवलं आणि बोटाचा वास घेतला. "ह्याला आहे." बरोबर होतं त्यांचं. काच काहीही शोषत नाही, अंड्याचा वास, चटणीचा तेलकट रंग, काही म्हणजे काही राहत नाही. पण झाकणाच्या खाचेत जी रबरी पट्टी आहे तिच्यात वास बसतो, आणि चटणीचा नारिंगी डागही. मी आता पट्टी दर वेळी पिनेनं सोडवून काढते, कोमट पाण्यात खायचा सोडा घालून अर्धा तास ठेवते आणि मग उन्हात. डाग अजून आहे, वास गेला. पट्टी निघत नसेल असं झाकण घेऊ नका, हे दुकानात उघडून बघण्यासारखं आहे.

झाकण हा या डिशचा कच्चा भागच आहे एकूण. घट्ट बसतं म्हणतात, पण डिश तिरकी झाली तर दूध गळतं. एका शनिवारी फ्रिजमध्ये जागा नव्हती म्हणून कडेनं पातेल्यावर टेकवून ठेवली होती, सकाळी खालच्या भाज्यांच्या कप्प्यात अंडं-दूध. त्यामुळे फ्रिजचा एक सपाट कप्पा आधी रिकामा करायचा. आणि झाकण ओव्हनमध्ये जात नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. भाजताना झाकायला ॲल्युमिनियम फॉइल. आपल्या ओटीजीत वरचा रॉड पदार्थाच्या फार जवळ असतो, पहिली तीस मिनिटं फॉइल नसेल तर वरचं चीज काळं पडतं आणि मधे पाणीच. तीस मिनिटांनी फॉइल काढून वरून चीज घालायचं, मग पंधरा-वीस मिनिटं. दोन्ही रॉड चालू, १८० अंश, जाळी मधल्या खाचेत. फक्त वरचा रॉड लावून ग्रिल करायला काचेची डिश वापरू नये, हे सोबतच्या पत्रकातही लिहिलंय.

आणि फुटण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त तेच विचारतात. याच्या आधी माझ्याकडे एक काचेची डिश होती, कोणीतरी भेट दिलेली, तिच्यावर बोरोसिलिकेट असं लिहिलेलं नव्हतं, साधी टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली, काच असावी. केक करून गरम गरम काढली आणि ओट्यावर ठेवली. कडप्प्याचा ओटा, नुकताच पुसलेला, ओला. दोन सेकंद काही झालं नाही, मग टण्ण आवाज आला आणि सगळीच्या सगळी दाण्यांसारखी बारीक होऊन पसरली. माझा धाकटा तेव्हा तिथून दहा पावलांवर होता. तो आवाज अजून कानात आहे, त्यामुळे ह्या विषयात मी फार काटेकोर आहे.

काच तापली की प्रसरण पावते. एक भाग गरम आणि एक गार झाला की एक ओढतो, दुसरा धरून ठेवतो, आणि ती तडकते. साध्या काचेचं प्रसरण जेवढं होतं त्याच्या साधारण एक तृतीयांशच बोरोसिलिकेटचं होतं, कारण तिच्यात वाळूसोबत बोरॉनचं ऑक्साइड असतं. ही काच जर्मनीत ऑटो शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काढली, प्रयोगशाळेसाठी. स्वयंपाकघरात ती कशी आली ते मला फार आवडलं. अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत जेसी लिटलटन म्हणून शास्त्रज्ञ होते, त्यांच्या बायकोचं, बेसी लिटलटन यांचं भांडं फुटलं, तर १९१३ साली त्यांनी कंपनीतल्या काचेच्या बॅटरीच्या बरणीचा कापलेला बूड आणून त्यात केक भाजला. केक सारखा भाजला, काचेला काही झालं नाही, आणि १९१५ मध्ये पायरेक्स नावाची भांडी बाजारात आली. घरात रोज भाजणाऱ्या बाईनं करून बघितलं म्हणून हे भांडं आज आपल्या ओट्यावर आहे, हे मला डिश घासताना कधीकधी आठवतं.

पण एक तृतीयांश म्हणजे शून्य नव्हे. बोरोसिलिकेट आहे म्हणून फ्रिजमधली बर्फासारखी डिश तापलेल्या ओव्हनमध्ये ढकलायची नाही. मी अर्धा तास बाहेर ठेवते, लाकडी पाटावर. आमचं घड्याळ कोल्हापूरच्या गाडीवर चालतं. वन्सं घरातून निघाल्या की फोन येतो, त्यानंतर थोड्या वेळानं डिश फ्रिजबाहेर, मग ओटीजी तापायला लावायचा, आणि जयसिंगपूर आलं की दुसरा फोन, तेव्हा डिश आत. अंकलीचा पूल ओलांडून विश्रामबागेत येईपर्यंत फॉइल काढायची वेळ होते, चहा होतो, आणि सगळे बसले की डिश बाहेर. उन्हाळ्यात मात्र हा अर्धा तास वीस मिनिटांवर आणते. एप्रिल-मेमध्ये सांगलीत सकाळी आठलाच काय गरम होतं ते इथल्यांना सांगायला नको. कच्चं अंडं-दूध फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नको. कॅसरोल भाजल्यावर उरलं तरी हाच नियम, गप्पांत टेबलावर तसंच राहू देऊ नका.

भाजून काढल्यावर डिश कोरड्या जाड फडक्यावर किंवा लाकडावर. ओल्या ओट्यावर नाही, सिंकमध्ये नाही, पाण्याचा थेंबही नाही. पूर्ण गार झाल्यावरच पाणी. गॅसवर तर कधीच नाही, हे विचारते कोणीतरी दर वेळी, ही काच ओव्हनची आहे, ज्योतीची नाही.

मार्चमध्ये एकदा भाजताना मधेच लाइट गेली, वीस मिनिटं झाली होती. ओटीजी काही इन्व्हर्टरवर चालत नाही, दीड हजार वॅटचं यंत्र आहे ते, त्याला सोळा अँपिअरचा सॉकेट लागतो. ह्यांचं म्हणणं पडलं की काढून कढईत घालून वाफवू. मी दार उघडूच दिलं नाही. काचेनं उष्णता धरलेली होती, पाऊण तासानं लाइट आली, परत चालू केलं, पंचवीस मिनिटांत झालं. कडा थोड्या जास्त भाजल्या, बाकी कोणाला कळलं नाही. पण पदार्थ कोमट होऊन तासापेक्षा जास्त पडला असता तर मी तो टाकून दिला असता, अंड्याच्या बाबतीत मी जोखीम घेत नाही. दूध-अंडं फ्रिजमध्ये असताना रात्री लाइट गेली तर दार बंदच ठेवा, न उघडलेला फ्रिज चारेक तास गार राहतो.

घासणं सोपं आहे, पण गरम पाण्यानं सुरुवात करू नका. गरम पाण्यानं उरलेलं अंडं आणखी शिजतं आणि काचेला घट्ट धरतं. गार पाण्यात अर्धा तास भिजवा, नारळाच्या किंवा प्लॅस्टिकच्या घासणीनं निघतं. तारेची घासणी लावू नका, ओरखडे पडतात आणि काच ओरखड्यापासूनच तडकते. वापरायच्या आधी मी डिश उजेडात धरून एकदा कडा बघते, कुठे टवका गेलेला असेल तर ती डिश ओव्हनमध्ये जाणार नाही. रात्री थर लावायच्या आधी आतून तूप लावायचं विसरू नका, कोपऱ्यांना जास्त.

दूध आम्ही भिलवडीचं चितळेंचं फुल क्रीम घेतो, आमच्याच जिल्ह्यातलं, आणि कॅसरोलला ते चांगलंच, पातळ दुधानं ते मिळमिळीत लागतं. चीज किसलेलं पाकीट आणू नका, त्यावर चिकटू नये म्हणून स्टार्च लावलेला असतो, सलग वितळत नाही. वडी आणून घरी किसा.

उरलेलं तीन दिवस फ्रिजमध्ये राहतं, त्यापुढे मी ठेवत नाही. गरम करायला मायक्रोवेव्ह घाईचं असेल तरच, त्यात अंडं रबरासारखं होतं. ओटीजीत १६० वर पंधरा मिनिटं, वरून फॉइल, आणि ते पहिल्या दिवसापेक्षा चांगलं लागतं असं माझा मोठा म्हणतो. सोमवारी त्याच्या डब्यात तेच असतं, दोन वड्या आणि वर सॉस.

घ्यावी का? घरात ओटीजी आहे, सहा-आठ माणसं एकदम जेवायला बसतात आणि सकाळी तव्यापुढे उभं राहायचं नाही असं असेल तर नक्की घ्या. दोघंच असाल तर दोन लिटरची नको, लिटरभराची घ्या, चार अंड्यांची, चाळीस मिनिटांत होते. ओटीजी नसेल तर या डिशसाठी तो घेऊ नका. आणि घरात फार लहान मूल असेल तर थोडं थांबा, ही डिश भरलेली आणि गरम असताना जड असते, दोन्ही हातांनी धरावी लागते.

पाचपैकी साडेचार. अर्धा झाकणासाठी कमी केला.

आता श्रावण लागला की महिनाभर अंडी बंद, मग गणपती. तेवढ्यात एक काम करायचं ठरवलंय. रविवारी आम्ही सगळे गरम वड्या खात असताना आई पोहे घेऊन बसतात, ते मला बरं वाटत नाही. त्यामुळे लिटरभराची दुसरी डिश बघून आलेय, तिच्यात पाव, दूध, पनीर, मका आणि तीच चटणी, अंडं अजिबात नाही, बांधायला दोन चमचे बेसन. एकदा ॲल्युमिनियमच्या डब्यात थोडं करून बघितलं, आईंनी दोनदा मागून घेतलं आणि मीठ थोडं कमी झालंय म्हणाल्या. ती डिश फक्त त्यांची, तिला अंडं कधी लागणार नाही, आणि झाकणावर लाल रंगानं खूण करून ठेवणार आहे म्हणजे घाईत चुकीचं झाकण लागायला नको.